थकव्याची डायरी: सर्वांत वाईट दिवशी जमेल तेवढीच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६ वर्षांपासून आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. औषधांनी सूज आटोक्यात आहे, रक्ताचे रिपोर्ट बरे येतात, पण थकवा हटत नाही. म्हणून फोनवर एक ॲप घेतलंत. ते रोज २२ प्रश्न विचारायचं. ११ दिवस नेटाने भरलंत, मग सुटलं. तपासणीच्या आदल्या रात्री बसून राहिलेले दिवस आठवून आठवून भरलेत आणि महिन्याची सरासरी ६.३ आली. डॉक्टरांनी आलेख पाहिला, "हो, थकवा असतो यात" म्हणाले आणि फोन परत दिला. आता तुम्ही विचारताय की या नोंदींना काही अर्थ आहे का, आणि असेल तर नेमकं काय, किती वेळा आणि कशासाठी लिहायचं.

अर्थ आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणातही रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी, आणि दीर्घ आजारातला थकवा घेऊन येणारी माणसं हेच माझं रोजचं काम. इतक्या डायऱ्या पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: डायरी सुटते त्याचा दोष आपण आळसाला देतो, पण बहुतेक वेळा ती चुकीच्या दिवसासाठी आखलेली असते. ॲप डाउनलोड करतो तो दिवस बऱ्यापैकी बरा असतो. त्या दिवशी २२ प्रश्न सहज वाटतात. पण ज्या दिवसाची नोंद खरोखर हवी असते, त्या दिवशी फोन डोळ्यांसमोर धरणंही जड जातं. म्हणून माझा एकच नियम आहे आणि पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं: सर्वांत वाईट दिवशी, अंथरुणात पडल्या पडल्या, २० सेकंदांत जेवढं भरून होईल तेवढीच डायरी ठेवायची. बऱ्या दिवशीही तेवढीच.

आधी त्या एका रात्रीत आठवून भरलेल्या ओळी खोडून टाका. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे सगळेच करतात, आणि किती करतात तेही मोजलं गेलंय. आर्थर स्टोन आणि सॉल शिफमन यांच्या गटाने सततच्या वेदना असलेल्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या होत्या, दिवसातून ३ नोंदी, ३ आठवडे. डायरीच्या पुठ्ठ्यात प्रकाश टिपणारा छोटा सेन्सर दडवला होता, त्यामुळे ती कधी उघडली हे कळत होतं. २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. रुग्णांनी लिहिलेल्या तारखा-वेळांनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. सेन्सरनुसार प्रत्यक्षात ११ टक्के. दुसऱ्या गटाला वेळेचा शिक्का मारणारी आणि आठवण करून देणारी इलेक्ट्रॉनिक डायरी दिली होती, तिथे ९४ टक्के नोंदी वेळेवर झाल्या. डिजिटल डायरीचा खरा फायदा हा आहे. रंगीत आलेख वगैरे नंतरची गोष्ट. पण तुमच्या ॲपने मागच्या तारखा भरू दिल्या, म्हणजे त्याने नेमका हाच फायदा घालवला. तशी सोय बंद करता येत असेल तर बंद करा.

मागाहून भरण्यात एवढं काय बिघडतं? स्मरणशक्ती सरासरी काढत नाही. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल काहनेमन यांनी १९९६ मध्ये कोलोनोस्कोपी झालेल्या रुग्णांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. नंतर आठवणारी वेदना तपासणी किती वेळ चालली यावर फारशी ठरत नव्हती, ती ठरत होती सर्वांत तीव्र क्षणावर आणि शेवटच्या काही मिनिटांवर. थकव्याचंही मी हेच पाहते. "महिना कसा गेला?" असं विचारलं की माणूस सर्वांत वाईट दिवस आणि कालचा दिवस सांगतो. मधले बरे दिवस गळून पडतात. आणि थकव्याच्या बाबतीत खरी माहिती बऱ्याचदा त्या बऱ्या दिवसांतच असते: त्या दिवशी काय वेगळं होतं?

रिकामी राहिलेली जागा मात्र फेकून द्यायची नाही. थकव्याच्या डायरीत नोंद बेहिशेबी चुकत नाही. अगदी गळून गेलो की चुकते, किंवा दिवस इतका छान गेला की आठवणच राहत नाही. दोन्ही टोकं निसटतात आणि उरतात ते मधले दिवस. मग सरासरी खोटी बोलते. यावर उपाय सोपा आहे. नोंद चुकली तर दुसऱ्या दिवशी आकडा भरायचा नाही, फक्त एक अक्षर लिहायचं: 'थ' म्हणजे थकव्यामुळे जमलं नाही, 'वि' म्हणजे विसरले, 'म' म्हणजे मजेत होते. महिन्यात ७ वेळा 'थ' आला असेल तर ती डायरीतली सर्वांत बोलकी माहिती आहे. मी तर आधी 'थ' मोजते, आकडे मग.

आता किती वेळा. दिवसातून ३ नोंदी पुरतात: सकाळ, दुपार, रात्र. सकाळची नोंद डोळे उघडल्या उघडल्या करू नका. झोपेतून उठल्यावर अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ मेंदू सुस्तच असतो, निरोगी माणसाचाही. त्या वेळी लिहिलेला ८ हा आजाराचा ८ नसतो. सकाळची औषधं घेताना लिहिलंत तर वेळही ठरते आणि आठवणही राहते. प्रत्येक नोंदीला दोन तासांची खिडकी ठेवा. खिडकी गेली की गेली. फोनचा साधा अलार्म, नोट्स किंवा एखादी स्प्रेडशीट एवढ्यावर हे होतं, वेगळं ॲप हवंच असं नाही.

तीनदा जमत नसेल तर फक्त रात्री एकदा. पण मग प्रश्न नीट ठरवा. "आत्ता किती थकवा आहे?", "आज साधारण किती होता?" आणि "आज सर्वांत जास्त किती झाला?" हे तीन वेगळे प्रश्न आहेत. कर्करोगाच्या रुग्णांसाठी बनवलेल्या ब्रीफ फटीग इन्व्हेंटरी या प्रश्नावलीत ते तीन वेगळे विचारतात, कारण उत्तरं खरोखर वेगळी येतात. तुम्ही कुठलाही एक निवडा, पण एक दिवस 'आत्ता' आणि दुसऱ्या दिवशी 'दिवसभर' असं करू नका. रात्री विचारलेला 'आत्ता' जवळजवळ सगळ्यांचाच जास्त येतो, हेही लक्षात असू द्या.

थकवा हा एकच शब्द घेऊन बसण्याचा तोटाही इथेच सांगते. मराठीत आपल्याकडे यासाठी शब्द भरपूर आहेत आणि ते वैद्यकीय दृष्टीनेही उपयोगाचे आहेत, फक्त आपण ते दवाखान्यात वापरत नाही. तिथे गेलं की सगळ्याचं 'वीकनेस' होतं. शीण विश्रांतीने जातो. शीण असेल तर तो आजाराचाच असेल असं नाही. अशक्तपणा म्हणजे बळ कमी पडणं: डबीचं झाकण फिरत नाही, जिना चढताना मांडी साथ देत नाही. ते स्नायूंचं, नसांचं किंवा सांध्यांचं काम असू शकतं. पेंग येणं म्हणजे झोपेची मागणी, तिथे रात्रीची झोप, घोरणं आणि गोळ्या तपासायच्या. मरगळ म्हणजे करावंसंच वाटत नाही, तिथे मनःस्थितीबद्दल बोलायला हवं. दम लागणं तर थकवा नव्हेच, ते फुफ्फुस, हृदय किंवा रक्तातल्या हिमोग्लोबिनचं बोलणं आहे. आणि डोकं न चालणं, म्हणजे वाक्य अर्ध्यात हरवणं, तीच ओळ चारदा वाचणं, हे अंगाच्या थकव्यापेक्षा वेगळ्या दिवशी येऊ शकतं. दीर्घ आजारातल्या थकव्याची ओळख ही, की तो केलेल्या कामाच्या मानाने फार मोठा असतो आणि झोप झाली तरी पुरता उतरत नाही.

म्हणून आकड्याच्या शेजारी एक शब्द. फक्त एक. शीण, अशक्त, पेंग, मरगळ, डोकं. दोन आठवड्यांनी मोजा कुठला शब्द जास्त वेळा आला. माझ्याकडे एक गृहस्थ थकवा म्हणून आले आणि त्यांच्या दुपारच्या बहुतेक सगळ्या नोंदींसमोर 'पेंग' होतं. आमचं बोलणं मग थकव्यावरून त्यांच्या झोपेकडे वळलं आणि त्यांच्या पत्नीने सांगितलं की रात्री मध्येच यांचा श्वास थांबल्यासारखा होतो. तिथून पुढची तपासणी वेगळ्याच डॉक्टरांकडे झाली. आकडे कितीही भरले असते तरी हे कळलं नसतं.

आकड्याचं म्हणाल तर ० ते १० चालेल, पण त्या आकड्यांना तुमच्या आयुष्यातला अर्थ द्या. तुमच्या ॲपवर ० ला 'थकवा नाही' आणि १० ला 'कल्पना करता येईल तेवढा जास्त' असं असणार. कल्पनाशक्ती ज्याची त्याची. त्यापेक्षा कामावरून खुणा ठरवा. माझ्याकडच्या एका बाईंनी अशा ठरवल्या होत्या: ३ म्हणजे सगळं होतं, पण मध्ये बसावं लागतं. ५ म्हणजे ठरवलेल्यातलं एक काम सोडून द्यावं लागतं. ७ म्हणजे अंघोळ केली की परत आडवं व्हावं लागतं. ९ म्हणजे फोनवर बोलणंही नको. तुमच्या खुणा तुम्ही ठरवा, बऱ्या दिवशी ठरवा, डायरीच्या वर लिहून ठेवा आणि महिनाभर बदलू नका. नाहीतर आजाराची सवय होत जाते तसा आपला ५ नकळत सरकतो, आणि कागदावर सुधारणा दिसते जी झालेलीच नसते.

एक बारीक गोष्ट, पण तुमच्या बोटांसाठी महत्त्वाची. सरकवायची पट्टी असते ना, स्लायडर, तो टाळा. तो मधोमध ५ वर उभा असेल तर आपलं उत्तरही ५ च्या आसपास ओढलं जातं, आणि सुजलेल्या बोटांनी तो नेमका थांबवणंही कठीण. मोठ्या चौकोनी बटणांवर टिचकी मारायची सोय बघा. किंवा सरळ आवाजी नोंद: "दुपार, सात, डोकं." तीन शब्द. अक्षरं नंतर कुणीही उतरवेल.

आकडा आणि शब्द झाला. तिसरी गोष्ट म्हणजे दिवसाची खूण, ती रात्री एकदाच. इथे लोकांचा हात सुटतो: पाणी किती प्यायलं, हवा कशी होती, कुणाशी भांडण झालं, सगळं लिहायला लागतात. ३० गोष्टी लिहिल्यात तर त्यातली एखादी थकव्याशी योगायोगाने जुळणारच आणि तुम्ही तिच्यामागे धावाल. चार किंवा पाच खुणा ठरवा, त्याही अशा की ज्यांबद्दल तुम्ही काही बदल करू शकता किंवा डॉक्टर करू शकतात. तुमच्या आजारात मी या घेईन: रात्री झोप मोडली का, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकला, दुखणं किती, नेहमीपेक्षा जास्त श्रमाचं काही केलं का, आणि औषधात काही बदल. दुसऱ्या आजारात खुणा बदलतील. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात मी उष्णता घेईन, कारण अंगाचं तापमान वाढलं की त्यात लक्षणं तात्पुरती वाढतात. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते हे विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. डायलिसिसवर असलेल्यांना मी एकच विचारते: आज डायलिसिसनंतर सावरायला किती तास लागले? त्या एका आकड्याने पुष्कळ कळतं.

औषधांची खूण मी मुद्दाम ठेवली. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेतात आणि बऱ्याच जणांना त्याच्या दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं होतं. तुम्ही घेत असाल तर वार लिहा. स्टिरॉइड उशिरा घेतलं तर झोप उडते. ॲलर्जीच्या काही गोळ्या, नसांच्या दुखण्यावरची काही औषधं, रक्तदाबाचे बीटा ब्लॉकर हेही पेंग किंवा सुस्ती आणू शकतात. आणि आठवड्याची लय ओळखायची तर आठवडा निदान तीन-चारदा दिसायला हवा. म्हणून डायरी ४ आठवडे. पाळीशी संबंध वाटत असेल तर दोन चक्रं. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका किंवा तिचा वार बदलू नका. डायरी डॉक्टरांना प्रश्न विचारण्यासाठी आहे.

आता वाचायचं कसं, कारण खरी गफलत इथे होते.

सरासरी विसरा. समजा एकीचे आठवड्याचे आकडे ५, ५, ५, ५, ५, ५, ५ आहेत आणि दुसरीचे २, २, ८, ९, ७, ४, ३. दोघींची सरासरी ५. पहिलीच्या थकव्याला कुठलीही घटना कारण दिसत नाही, तिथे मी सतत चालू असलेली कारणं शोधेन: ॲनिमिया, थायरॉइड, झोप, उदासी, औषधं. दुसरीचे दोन दिवस बरे गेले आणि मग ती कोसळली. तिने त्या दोन बऱ्या दिवसांत काय केलं हे मला बघायचंय. बरं वाटलं की साचलेली सगळी कामं उरकायची आणि मग तीन दिवस झोपून राहायचं, हा प्रकार दीर्घ आजारात इतका सर्रास दिसतो की त्या माणसाला तो दिसतच नाही. आकडे एका ओळीत मांडले की दिसतो. तुमचा ६.३ यातल्या कुठल्या जातीचा आहे हे डॉक्टरांना कळायला मार्गच नव्हता.

दुसरी गफलत जास्त चकवणारी आहे. श्रम आणि थकवा एकाच दिवसाचे शेजारी शेजारी मांडले तर बहुतेकांना असं दिसतं की ज्या दिवशी जास्त हालचाल केली त्या दिवशी थकवा कमी. मग निष्कर्ष: हालचालीने थकवा जातो. पण उलटंही तितकंच खरं असू शकतं, थकवा कमी होता म्हणून तर हालचाल झाली! हा गुंता सोडवायला तारखा सरकवायच्या. स्प्रेडशीटमध्ये श्रमाचा रकाना एक घर खाली ओढा, म्हणजे कालचे श्रम आजच्या थकव्याशेजारी येतील. मग दोन घरं खाली ओढून बघा. मंगळवारी घरातली उलथापालथ केली आणि गुरुवारी उठता आलं नाही, हा संबंध डोक्यात लागत नाही, सरकवलेल्या रकान्यात लख्ख दिसतो.

आणि हा शोध नुसता कुतूहलाचा नाही, त्यावर उपचाराची दिशा ठरते. आमवातासारख्या दाहाच्या आजारांत हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम थकवा कमी करतो, युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या युलार या संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींतही शारीरिक हालचालीचा आग्रह आहे. पण एमई/सीएफएस (मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम) या आजारात थोड्याशा श्रमानंतरही १२ ते ४८ तासांनी लक्षणं उसळतात आणि कित्येक दिवस टिकू शकतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये ठराविक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार त्या आजारात देऊ नये असं सांगितलं, ते याचसाठी. बाहेरून दोघांचा थकवा सारखाच दिसेल. श्रम आणि कोसळणं यांच्यातलं अंतर डायरीत दिसतं, आणि ते पुन्हा पुन्हा एक-दोन दिवसांचं येत असेल तर कुणीही सांगितलं तरी व्यायाम वाढवण्याआधी ती नोंद डॉक्टरांपुढे ठेवा.

तिसरी गफलत नव्या उपायांची. आपण नवं काहीतरी सुरू करतो ते अगदी असह्य झालं की. पण ९ नंतर काहीही न करता बहुधा ६ किंवा ७ च येतो, चढउतार असलेल्या कुठल्याही गोष्टीचं तसंच असतं. श्रेय मात्र त्या नव्या चूर्णाला, गादीला किंवा गोळीला मिळतं. म्हणून आधी दोन आठवडे काहीही न बदलता नुसती नोंद, आणि बदल करायचाच तर तारीख आधी ठरवून, त्या दिवशी आकडा कितीही असो. एका वेळी एकच बदल.

मनगटावरच्या घड्याळांबद्दलही विचारलं जातं. पावलं आणि नाडीचे ठोके ती बऱ्यापैकी मोजतात. गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती, हे मात्र त्यांचे अंदाज असतात. थकवा ती मोजतच नाहीत, कारण थकवा हा अनुभव आहे आणि तो सांगणारी एकटी तुम्हीच. तरी घड्याळ वापरायचं असेल तर क्रम पाळा: आधी स्वतःचा आकडा लिहा, मग घड्याळाकडे बघा. शरीर किती सावरलं याचे घड्याळाने सकाळीच १०० पैकी ४० गुण दिले की माणूस त्या दिवशी थकलेलाच निघतो.

डॉक्टरांनी फोन परत दिला, त्याचा राग मानू नका. आमवाताची तीव्रता मोजायला नेहमी वापरतात त्या डीएएस २८ या मोजपट्टीत २८ सांध्यांचं दुखणं आणि सूज, रक्तातला दाह आणि रुग्णाचं एकंदर मत येतं. थकव्याचा वेगळा रकाना त्यात नाही. खरं तर या आजाराच्या अभ्यासांत जमेल तिथे थकवा मोजलाच पाहिजे यावर तज्ज्ञांचं एकमत २००७ मध्येच प्रसिद्ध झालं होतं, पण पाच-दहा मिनिटांच्या तपासणीत ते उतरायला वेळ लागतो. शिवाय या आजारातला थकवा दाहाशी जेवढा बांधलेला वाटतो तेवढा नसतो. दुखणं, मोडलेली झोप आणि मनःस्थिती यांच्याशी त्याचं नातं अनेकदा जास्त घट्ट निघतं, त्यामुळे रिपोर्ट चांगले असताना थकवा राहणं यात विसंगती काही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी आलेख दाखवू नका. कागदावर चार ओळी न्या. असं काहीतरी: "२८ दिवसांपैकी ९ दिवस थकवा ७ किंवा जास्त, म्हणजे अंघोळीनंतर झोपावं लागलं. आणखी ४ दिवस नोंद करण्याइतकंही त्राण नव्हतं. वाईट ९ पैकी ६ दिवस आदल्या रात्री दुखण्याने झोप मोडली होती. मला विचारायचंय, रात्रीच्या दुखण्यासाठी काही करता येईल का?" शेवटी प्रश्न हवाच. प्रश्न नसलेली माहिती पुढे करून डॉक्टरांनी काय करावं? सोबत हवी तर एखादी प्रमाणित प्रश्नावली महिन्यातून एकदा भरा. फॅसिट फटीग स्केलमध्ये मागच्या ७ दिवसांबद्दल १३ प्रश्न असतात, गुण ० ते ५२, आणि त्यात जास्त गुण म्हणजे कमी थकवा, हे उलट आहे म्हणून सांगून ठेवते. त्यात ३-४ गुणांचा फरक साधारणपणे जाणवण्याजोगा धरतात. अशी प्रश्नावली महिन्या-महिन्याची तुलना करायला चांगली. दिवसाचा चढउतार तिला दिसत नाही, तो तुमच्या डायरीला दिसतो.

डायरीमुळे नुकसान होतं का? क्वचित, पण होतं. काहींना सतत स्वतःकडे बघत राहिल्याने थकवा वाढल्यासारखा वाटतो. आज मला कसं वाटतंय हे फोन उघडून बघायची सवय लागली, आकडा वाईट आला म्हणून ठरलेली भेट रद्द केली, नोंद चुकली की अपराधी वाटायला लागलं, तर थांबा. दोन दिवस बंद ठेवून बघा. हलकं वाटलं तर तुमच्यासाठी डायरी हे या वेळी योग्य साधन नव्हतं, बस. घरच्यांना रोजचे आकडे दाखवू नका असंही मी सांगते. "काल तर ४ होता, आज कसा ८?" या प्रश्नाचं उत्तर देण्यातच ८ चा ९ होतो.

ॲप वापरलंच तर तीन गोष्टी आधी बघा: नोंदी बाहेर काढून घेता येतात का, खातं आणि माहिती पूर्ण पुसता येते का, आणि ती कुणाला दिली जाते. नोकरीच्या ठिकाणाने किंवा विमा कंपनीने फुकट दिलेल्या ॲपमध्ये मी माझा थकवा लिहिणार नाही.

काही गोष्टी मात्र ४ आठवड्यांच्या डायरीची वाट बघत ठेवायच्या नाहीत. छातीत दुखणं, नव्याने लागणारा दम, काळी शौच, कारण नसताना घटलेलं वजन, एखादा हात-पाय एकाएकी लुळा पडणं, जगणं नको वाटणं, हे लगेच दाखवायचं. तुमची औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी असतील तर तापही त्याच यादीत, आणि मेथोट्रेक्सेटवर असताना तोंडात फोड आले किंवा कोरडा खोकला येऊन धाप लागायला लागली तर त्याच दिवशी फोन करायचा.

४ आठवडे झाले की अलार्म बंद करा. डायरी जन्मभर चालवायची नसते. जे सापडलं त्यावर एखादा बदल ठरवा, तो दोन महिने करा आणि पुढच्या तपासणीआधी परत १४ दिवस लिहा, त्याच वेळा, त्याच खुणा. आणि ते २२ प्रश्नांचं ॲप काढून टाकण्याआधी पहिल्या ११ दिवसांचे आकडे एका कागदावर उतरवून ठेवा. ते त्या त्या दिवशी लिहिलेले आहेत. तुलनेला तेच उपयोगी पडतील.